पांदणीतली माघार

जोतीरामाच्या ट्रॅक्टरचा आणि जुन्या बाजारातून आणलेल्या ट्रॉलीचा ब्रेक काही केल्या जुळेना. सोलापुरात सात रस्त्यावरच्या शिवप्पा मिस्त्रीने दोन दिवस खटपट करून अखेरीस तोडगा काढला.

"ह्या दोगांचं जमत न्हाय, तर जमवायचंच कशाला? मधी हा सरकता दांडा बसवला. तुमी थांबला की ट्रॉली मागनं रेटती, दांडा आत जातो, ब्रेक आपोआप लागतो."

चार वेळा परीक्षा झाली. चारही वेळा ट्रॉली आज्ञाधारकपणे थांबली. मागे घेऊन पाहण्याची बुद्धी मात्र कोणास झाली नाही. पुढे जाण्याच्या आनंदात मनुष्य माघारीचा विचार सहसा करीत नाही.

माघार हा जोतीरामाच्या घरातला नाजूक विषय होता. तीन वर्षांपूर्वी त्याची आणि मेहुण्याची, महिपतीची, बैलगाडी शेतांमधल्या अरुंद पांदणीत समोरासमोर आली. आधी मागे कोणी सरावे, या प्रश्नावर दिवस मावळला आणि अबोला उगवला. तेव्हापासून जोतीरामाच्या बायकोचे, विजयमालेचे, माहेर दोन कोसांवर असून परदेशी झाले. आज महिपतीच्या मुलाचे बारसे होते. आमंत्रण नव्हते, पण नाव ठेवणार ती आत्याच, आणि आत्या एकच.

बारशाला निघताना ट्रॉलीत बसत विजयमाला म्हणाली, "महिपती आडवा आला, तर मुकाट मागं घ्यायचं. माज्या गळ्याची शपथ."

"घेतो की! मी काय बैल हाय व्हय?"

पांदणीच्या मध्यावर नेमकी महिपतीची गाडी समोर उभी राहिली. जोतीरामाने उदार अंतःकरणाने ट्रॅक्टर मागे रेटला. दांडा आत गेला, ब्रेक लागला, चाके जागीच रुतली. त्याने अधिक जोर केला. धुरळा उडाला, ट्रॉली ढिम्म.

"आवो, शपथ!" विजयमाला रडकुंडीला आली.

"मी घेतोय गं! हीच ऐकंना!"

"ट्रॉलीवर ढकलू नका. तीन वर्सांमागं तर ट्रॉली नव्हती!"

हे ऐकून महिपती गाडीतून उतरला. तो भांडायला येतो आहे असे वाटून जोतीरामाने डोळे मिटले. महिपती मात्र वाकून दांडा पाहत होता.

"दाजी, तुमी रेटताय म्हणूनच ब्रेक लागतोय. हातभर पुढं घ्या. मी खुंटी मारतो, मग दांडा आत जायचा न्हाय."

बाभळीची खुंटी बसली. ट्रॉली मागे सरली. विजयमालेने डोळे पुसले.

"निगाला हुतास कुटं?" जोतीरामाने विचारले.

"आक्काला आणायलाच की. आत्याबिगर नाव कोन ठेवनार?"

जोतीरामाला भरून आले. "मग तू हो पुढं. मी मागं घेतो."

"छ्या! तुमी जावई मानूस. मी घेतो."

आग्रह वाढत गेला. शेवटी ट्रॅक्टर इकडच्या तोंडापर्यंत मागे आला, बैलगाडी तिकडच्या तोंडापर्यंत मागे गेली, आणि मधली पांदण लख्ख मोकळी झाली.

"या की, दाजी!"

"आधी तू ये!"

विजयमाला खाली उतरली. पदर खोचून ती एकटी पांदणीतून चालत माहेरी गेली. तिने बाळाच्या कानात नाव सांगितले, घुगऱ्या वाटून झाल्या, तरी दोन तोंडांशी दोन शहाणे एकमेकांना हात करीत उभेच होते.