कोरडा हापसा

हापशाच्या खडखडाटात भर दुपारी घोरणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. आमच्या शेजारचा गणपत.

लातूर जिल्हा नवा झाला त्या दुष्काळात, रेणापूरकडच्या आमच्या गावात तेवढा एकच हापसा पाणी देत होता. त्याला लागूनच लिंबाखाली गणपतची बाज. बायांची रांग, घागरींची आदळआपट, भांडणं, गडी ढिम्म. पण पाणी खाली गेलं अन् आवाज जरासा पोकळ आला, की ताडकन उठायचा.

"थांबा! कोरडा हापसू नका, आतलं कातड्याचं वायसर जाईल!"

"मामा, झोपेत कसं कळतंय हो?" बाया विचारायच्या.

"मी सुट्टीवर हाय. कान डूटीवर हायेत."

मग पाणी साठेपर्यंत दांड्याला हात लावू द्यायचा नाही. सरपंचाच्या बायकोलाबी नाही.

पुढं त्याची बायको सोना वारली, अन् त्याची रात्रीची झोप उडाली. मी दुसरीपर्यंत शिकलेला, पण माझा शब्द गावात कोणी मोडत नाही. त्याला धरून लातूरला डॉक्टरकडं नेलं.

"गोळ्या नगंत रे," गणपत म्हणला.

मी ऐकतोय व्हय? रोज माझ्या हातानं चारल्या.

झोपला बिचारा. दिवसाबी गुंगीतच. चार दिवसांनी हापसा कोरडा वाजायला लागला, बाया हापसत राहिल्या, गणपत हलला नाही. वायसर गेलं. आठ दिवस बायांनी दोन कोसांवरून पाणी वाहिलं.

मी डॉक्टरला जाब विचारला. ते म्हणले, "एकसारखा आवाज मेंदू सोडून देतो, वेगळा आला की माणसाला उठवतो. गोळीनं तो उठवणाराच पेंगला."

गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. पण 'चुकलं' म्हणायला माझी जीभ वळंना. गणपतला एवढंच म्हणलो, "नवं वायसर बसलंय."

"वायसरचं जाऊ दे, नामदेवा. सोनाला दमा होता. दोनदा हापसायची अन् थांबायची. आवाज तुटला की मी उठून तिची घागर भरायचो. अजूनबी आवाज तुटला की वाटतंय, तीच आली. तुझ्या गोळीनं तेवढंबी नेलं होतं."

आता रोज दुपारी मीच घागर घेऊन जातो. दोनदा हापसतो, थांबतो. गणपत ताडकन उठतो. मला बघतो. दांडा माझ्या हातातून घेतो अन् घागर भरून देतो.