चिटणीसांचे गुप्तदान

महिपतींच्या घरात एखादी वस्तू लपवून ठेवणे कोणालाच जमले नसते. घर दोन खोल्यांचे, आणि वृंदाबाईंना दिसेल तो डबा उघडून, पुसून पुन्हा जागेवर ठेवल्याशिवाय चैन पडत नसे. त्यामुळे उल्हासनगरहून आणलेली ती बरणी महिपतींनी विहाराच्या कपाटात, लाउडस्पीकरच्या मशीनमागे ठेवली. अंबरनाथ पूर्वेच्या त्या वसाहतीतल्या बुद्धविहाराचे ते चिटणीस होते, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच करगोट्याला असे. बरणीवरचे लेबल त्यांनी नखाने खरवडून काढले होते. लेबलावर पिळदार मिशांचा एक गडी सिंहावर बसला होता, आणि त्याखाली जे छापले होते ते विहारात ठेवण्यासारखे नव्हते.

झाले होते ते असे. महिपती केमिकलच्या कारखान्यात फिटर, वय सत्तेचाळीस. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना अंथरुणात अपयश येऊ लागले होते. मनात असे, पण शरीर ऐकत नसे. एकदा झाले, दोनदा झाले, मग प्रयत्न करण्याचीच धास्ती बसली. शेवटी त्यांनी खाट उचलून चाळीच्या गॅलरीत टाकली.

"काय झालं?" वृंदाबाईंनी विचारले.

"आत उकडतं."

पौष महिना चालू होता. थोड्या वेळाने वृंदाबाईंनी बाहेर येऊन नवऱ्याच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकली आणि दार लोटून घेतले.

डॉक्टर वसाहतीतच होता. पण तो जयदेव. जयंतीच्या मिरवणुकीत महिपतींनी ज्याला खांद्यावर बसवून नाचवले होते, डॉक्टर झाला तेव्हा ज्याच्या गळ्यात पहिला हार घातला होता, त्याच्यापुढे ही तक्रार कोणत्या तोंडाने मांडायची? म्हणून ते उल्हासनगरला गेले. कापडाच्या दोन दुकानांच्या मध्ये एक पडदा होता आणि पडद्याआड वैद्य होता. त्याने नाडी बघितली नाही, जीभ बघितली नाही. लग्नाला किती वर्षे झाली एवढेच विचारले आणि बरणी पुढे सरकवली.

"दूध के साथ लेना, सुबह-शाम. घोडा बन जाओगे."

लेह्य चवीला झकास होते. मध, खडीसाखर, खवा, बदाम, वर वेलची आणि केशर. महिपती रोज पहाटे साफसफाईच्या निमित्ताने विहार उघडत, चमचाभर लेह्य खात, वर थर्मासमधले दूध पीत आणि मान खाली घालून बसत. घोडा व्हायचे तर दूरच, त्यांना भयंकर तहान लागू लागली. विजार कमरेवरून सुटू लागली, जिना चढताना पाय भरून येऊ लागले. औषध अंगात भिनत असावे असे समजून त्यांनी एकाचे दोन चमचे केले.

याच सुमारास लोकांचे वागणे बदलले. ते आले की बाकावरची माणसे उठून जागा देऊ लागली. विहारातला स्वयंपाक बघणाऱ्या सखूमौशी एरवी कोणालाही झाडून काढायच्या, पण महिपतींना त्या हात जोडू लागल्या. कारखान्यातले दौलतराव तर चावट विनोदांचे कोठारच, पण महिपती दिसले की तेही अर्ध्या विनोदावर गप्प होत. महिपतींना शंका आली. वृंदाने सांगितले तर नसेल? तिने सांगितले असेल तर जगायचे कसे? त्यांनी दौलतरावांना एका बाजूला घेतले.

"दौलतराव, माझ्याबद्दल काय कळलंय का तुमाला?"

"कळलंय की. सगळ्या चाळीला कळलंय."

महिपतींनी लेथ मशीनचा आधार घेतला. "कुणी सांगितलं?"

"वहिनींनी. आमच्या मंडळीजवळ रडत व्हत्या. पन तुमी मनाला लावून घेऊ नका. आपल्याला तर अभिमान हाय तुमचा."

"अभिमान? यात कसला अभिमान?"

"मंग? बायको असून असं ऱ्हायचं म्हंजे काय खायचं काम हाय? आपल्याला नसतं जमलं."

एवढे बोलून दौलतराव उगाचच आपल्या बुटांकडे बघू लागले. महिपतींना त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. बायको आपल्यामुळे दुसऱ्याच्या दारात जाऊन रडते, एवढे मात्र त्यांच्या काळजाला फार लागले.

अशात वैशाख पौर्णिमा आली. त्या दिवशी विहारात मोठ्या पातेल्यात खीर होते आणि अख्खी वसाहत ती खाते. महिपती सकाळीच भन्तेजींना आणायला बदलापूरला निघाले. निघताना डावले काढण्यासाठी सखूमौशींनी कपाटाची किल्ली मागितली, आणि सतरा कामांच्या गडबडीत त्यांनी ती काढून दिली.

भन्तेजींना घेऊन ते परतले तेव्हा बरणी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली होती.

"मौशी," त्यांनी बरणी उचलली, "यात काय होतं ते कुठाय?"

"खिरीत. मी उघडून वास घेतला, तर काय मेला घमघमाट. म्हटलं, कोनी आनलं असंल आन् चिठ्ठी नाय, लेबल नाय. मंग ध्यानात आलं, किल्ली तर तुमच्याच कमरंला असती. समदा मसाला टाकला बघा."

महिपतींनी पंगतीकडे बघितले. पंगतीत म्हातारीकोतारी होती, बचत गटाच्या बायका होत्या, आणि सर्वांत पुढे भन्तेजी बसले होते. भन्तेजींच्या पात्रात डाव वाकणार तोच महिपती धावले.

"भन्तेजींना नको. त्यांना गोड चालत नाही."

"चालतं," भन्तेजी शांतपणे म्हणाले आणि पात्र पुढे केले.

मग सखूमौशींनी माईक मागून घेतला. चिटणीसांनी खिरीसाठी केशर-बदामाचा मसाला आणला आणि आपले नाव कुठे येऊ दिले नाही, दान करावे तर असे, असे त्यांनी जाहीर केले. टाळ्या पडल्या. जो तो महिपतींना आग्रहाने वाटी देऊ लागला. नाही म्हणावे तर खिरीत काय आहे ते सांगावे लागणार होते. ते एकेक वाटी संपवत होते आणि पंगतीवर नजर ठेवून होते. आता कोणाला काय होते याची ते जीव मुठीत धरून वाट पाहत होते. पण कोणाला काहीही झाले नाही. लोकांनी ढेकर दिले, बायकांनी मसाल्याचे दुकान विचारले, आणि सिंहावरचा तो गडी निव्वळ हलवाई होता हे महिपतींच्या लक्षात आले. पुढे त्यांनी पाण्याचा अख्खा तांब्या घशाखाली ओतला, दुसरा मागितला, आणि उठता उठता भोवळ येऊन ते सतरंजीवर बसले.

जयदेव पंगतीतच होता. त्याने काकांना उचलून थेट आपल्या दवाखान्यात नेले. मागोमाग वृंदाबाई आल्या. जयदेवने लघवी तपासायला घेतली. नळीत निळे औषध होते, त्यात तिचे थेंब टाकून ते दिव्यावर तापवताच हिरवे झाले, पिवळे झाले आणि शेवटी विटेसारखे लाल झाले.

"काका, डायबिटीस आहे. आणि बराच आहे. आणखी काही त्रास?"

"छे," महिपती म्हणाले.

"आहे," वृंदाबाई म्हणाल्या. "हे घर सोडून चाललेत."

"मी? कुठं चाललोय?"

"चीवर घ्यायला, भिक्खू व्हायला. पौषापासून बाहेर झोपताय, माझ्याकडं बघत नाही, पहाटे विहारात जाऊन एकटेच बसता. मला कळत नाही व्हय? मी मौशीला सांगितलं, त्यांच्या मनात आलंय तर मी आडवं येणार नाही. पण घरात बसून रडू आवरत नाही, त्याला मी काय करू?"

महिपती उठून बसले. लोकांचे नमस्कार, दौलतरावांचा अभिमान, सारे एकदम उलगडले. त्यांना हसू येत होते आणि डोळे भरून आले होते.

"अगं, तसलं काही नाही. माझ्याच्यानं... व्हईना झालंय. तुला कळलं तर तुझ्या मनातून उतरेन, म्हणून बाहेर झोपलो."

मग महिपतींनी उल्हासनगरच्या लेह्याचेही सांगून टाकले. जयदेव नळी विसळायला पाठमोरा झाला. पण पुढे त्यानेच सगळे समजावून सांगितले. शुगर वाढली की नसांवर आणि रक्तपुरवठ्यावर परिणाम होतो आणि पुष्कळ पुरुषांना हा त्रास होतो. शुगर आटोक्यात आली की काहींना चांगला फरक पडतो, काहींना थोडा, आणि पुढेही उपाय असतात.

"लेह्य मात्र बंद, काका. दुखण्यावर तुम्ही साखरच खात होता."

"एवढंच होतं व्हय," वृंदाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आधी खाट आत घ्या."

खाट त्याच संध्याकाळी आत आली. ती लावून होते न होते तोच सखूमौशी आणि दौलतराव दारात उभे राहिले. मौशींच्या हातातल्या ताटात घडी घातलेले नवे चीवर होते.

"मौशी, हे कुठं जात नाहीत," वृंदाबाई उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहिल्या. "शुगर झालीय त्यांना."

"शुगर झाली म्हून मानूस गॅलरीत झोपतंय?"

वृंदाबाईंनी मागे वळून बघितले. महिपती खाटेवरून उठून पुढे आले. लपवून लपवून ते आता दमले होते.

"झोपतंय, मौशी. शुगरनं पुरुषाचं बळ जातं. लाजंनं झोपलो बाहेर. जयदेव म्हणतो, इलाज आहे."

मौशींनी पदर तोंडाला लावला आणि ताट घेऊन त्या वळल्या. दौलतराव मात्र जागचे हलले नाहीत. जयदेवचा दवाखाना किती वाजता उघडतो, एवढे त्यांनी विचारून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपती औषधाला गेले तर दवाखान्याच्या बाकावर बसायला जागा नव्हती. चाळीतले गॅलरीत झोपणारे बहुतेक गडी कागदात गुंडाळलेल्या लघवीच्या बाटल्या मांडीवर घेऊन ओळीने बसले होते, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हते. पहिला नंबर दौलतरावांचा होता.

"काय दौलतराव, इकडं कुठं?"

दौलतरावांनी बाटली खमीसाखाली सरकवली आणि महिपतींना बसायला थोडी जागा करून दिली.

"काय नाय," ते म्हणाले. "हल्ली घरात लय उकडतं."