दत्तूसाहेबांची परवानगी

दत्तूसाहेब कुठल्याही झाडाचं चित्र काढण्याआधी त्या झाडाच्या मालकाची परवानगी घ्यायचे. माणूस जर्मनीचा, नाव डीटर. पाटणच्या बाजारात त्याचं दत्तू व्हायला एक दुपार पुरली. एकोणीसशे सत्तर साल उलटून गेल्यावर ते डोंगर, शेतं आणि त्यांत राबणारी माणसं रंगवायला इकडे आले आणि माझ्या शेजारची खोली घेऊन राहिले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत असल्यामुळे दुभाषा म्हणून माझी बिनपगारी नेमणूक झाली. मे महिन्याची अख्खी सुट्टी मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उपभोगली.

मराठी त्यांना दोनच शब्द येत. "परवानगी आहे?" एका आंब्याच्या मालकाला त्यांनी हात जोडून विचारलं, तर तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, ह्याचं डोस्कं बरं हाय न्हवं? आंबं चोरणारा कवा इचारत न्हाई, आन ह्यो नुसतं बगायला इचारतुय!"

परवानगी मिळाली की सूचना सुरू. एका बागायतदाराला चित्रातला ऊस हातभर उंच हवा होता. एका रिटायर्ड सुभेदारांना बैलाशेजारी उभं राहायचं होतं, पण मेडलं लावून. कलेची एवढी जाण पॅरिसातही नसेल. साहेब मान डोलवत आणि मला म्हणत, "सांगा, दिसतं तेवढंच काढतो." नसलेला कावळासुद्धा ते आभाळात घालत नसत.

मग गाठ पडली सोनाबाईंशी. उतारावरची त्यांची भातखाचरं साहेबांच्या मनात भरली. बाई म्हणाल्या, "न्हाई. ह्यो बांध माज्या धन्यानं घातलाय. त्यो चित्रात नसंल, तर रान बी काडू नगा."

धनी वारून तीन वर्षं झाली होती. मी भाषांतर केलं आणि छत्री मिटली. सुटलो, असंच वाटलं.

साहेब मात्र बांधावर बसले. "ते उभे कसे राहायचे?" त्यांनी विचारलं. कुदळ कुठल्या खांद्यावर? दमले की काय करायचे?

"डावा हात कमरंवर," बाई म्हणाल्या. "आन डोंगराकडं बगून येकटंच हसायचं."

आठवडाभर हेच. शेवटी एसटीची वाट बघताना मी वैतागलो. "तुमचं ते 'दिसतं तेवढंच' कुठं गेलं?"

साहेब रस्त्याकडे बघत राहिले. "मी पोटात होतो तेव्हा वडील लढाईवर गेले. परत आले नाहीत. घरी फोटो आहे, नुसत्या चेहऱ्याचा. ते चालायचे कसे, उभे कसे राहायचे, असं आईला विचारलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची."

मी छत्री जरा त्यांच्या बाजूला सरकवली.

चित्र पुरं झाल्यावर आम्ही ते सोनाबाईंच्या ओसरीवर नेलं. खाचराच्या कडेला एक माणूस, हात कमरेवर, तोंड डोंगराकडे. बाई कितीतरी वेळ बघत होत्या. मग त्यांनी घसरलेला पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, घरधनी दारात आल्यावर बायका घेतात तसा.

साहेबांनी चित्र अलगद भिंतीला टेकवलं आणि अंगणात जाऊन बूट चढवायला बसले. नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला.