मंजूर झालेला चेहरा

चेहरा मंजूर झाल्याचा निरोप आला तेव्हा दगडोबा डबा खात होता, आणि पहिला घास घशाखाली उतरायच्या आत त्याच्या लक्षात आलं की नाक बदलायचं राहून गेलं.

दगडोबा हे त्याचं ऑफिसातलं नाव. तो व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. 'बनवणाऱ्या' हा शब्द तसा फुगवलेला. गेम बनवायची ती परदेशातली मोठी कंपनी. गोष्ट तिची, नायक तिचा, नफाही तिचाच. त्या गेममधल्या बादल्या, भिंती, गवत आणि दगड तेवढे इकडे बनत. लग्न दुसऱ्याचं आणि मांडवाच्या दोऱ्या आपण बांधायच्या, असा तो धंदा. दगडोबाने उमेदीची वर्षं दगड बनवण्यात घालवली होती: उन्हात तापलेले, शेवाळलेले, नायकाला ठेच लागेल असे. वर्तमानपत्रात मात्र 'देशाच्या गेम उद्योगाची गरुडझेप' असं काही छापून आलं की त्याचे सासरे ते शेजारच्यांना वाचून दाखवत आणि म्हणत, "आमचे जावई या झेपेत आहेत." दगडोबाने त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. झेपेत तो होताच. गरुडाच्या पंजात अडकलेला खडा जितका असतो तितका.

अशा माणसाला एकदाची माणसं बनवायला मिळाली. गेममधल्या गावाच्या पुलावर गर्दी हवी होती. दगडोबाने भराभर चेहरे केले आणि ते सगळे पास झाले. एक म्हातारा तेवढा परत परत येत राहिला. "हा कोणीच वाटत नाही," काम तपासणारी तिकडची बाई लिहायची. दगडोबाने सुरकुत्या वाढवल्या, टक्कल घातलं, मिशी लावली. "आता कोणीच नसलेल्या माणसाला मिशी आहे," बाईने लिहिलं. शेवटी वैतागून त्याने मोबाईलमधला सासऱ्यांचा फोटो उघडला. वाहन परवान्यासाठी कापून द्या म्हणून त्यांनीच पाठवलेला होता. तोच चेहरा त्याने जसाच्या तसा म्हाताऱ्याला चढवला. नाक नंतर बदलू, असं ठरवलं. त्या ऑफिसातली सगळी पापं 'नंतर' या शब्दापासून सुरू होत.

"तू मोठा झालास," असं म्हणत दगडोबाचा साहेब त्याच्या टेबलाशी आला. त्याला सगळे मुकादम म्हणत. "म्हणतात, असा जिवंत चेहरा त्यांनी पाहिलाच नाही."

"सर, थोडं नाक बदलायचं होतं."

"नाकाला हात लावायचा नाही. नाक त्यांना विशेष आवडलंय."

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या नाकाला शाळेत तीन पिढ्या घाबरल्या होत्या. दगडोबाने स्वतःची समजूत घातली: पुलावरची गर्दी, त्यात एक म्हातारा, कोण बघतंय? घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही. तसंही कराराप्रमाणे कामाबद्दल घरी बोलायला बंदीच होती. तो करार त्याला पहिल्यांदाच सोयीचा वाटला.

मग तिकडून एक व्हिडिओ आला. गेममध्ये खेळणाऱ्याला पुलावरच्या कोणालाही खालच्या डबक्यात ढकलता येत होतं. तिकडे ज्यांना खेळून बघायला बसवलं होतं त्यांना ढकलायला पुलावर अख्खं गाव होतं. पण जो तो येई आणि सासऱ्यांनाच ढकली. सासरे हात पसरून पडत, चिखलात बुडत, वर येत आणि "वाचवा, वाचवा" करत. कोणी पळत येऊन ढकललं, कोणी दमाने. एकाने तर त्यांना बाहेर काढून पुन्हा ढकललं.

"का कोण जाणे, पण याला बघितलं की हात शिवशिवतात," बाईने लिहिलं होतं. "हा आता गर्दीतला राहिला नाही. जाहिरातीत याला घेतोय. याचे आणखी हावभाव पाठवा: भ्यालेला, भिजलेला, चिडलेला, गयावया करणारा."

दगडोबाने मुकादमाला गाठलं. "सर, दुसरा म्हातारा देतो. याच्यापेक्षा चांगला."

"पुढचं सगळं काम या म्हाताऱ्यावर मिळालंय," मुकादम म्हणाला. "त्याला काही झालं तर आपण सगळे डबक्यात."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हावभाव मनाने करून बघितले, तर पहिल्याच खेपेला उत्तर आलं: "हा परत कोणीच वाटायला लागला." आता खऱ्या माणसाचे फोटो काढण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खरा माणूस दोन गल्ल्या सोडून राहत होता.

रविवारी जेमतेम तोंड दाखवणाऱ्या सासऱ्यांना दगडोबा रोज संध्याकाळी बोलावू लागला. गयावया करतील म्हणून खोकल्याचं सगळ्यात कडू औषध त्याने स्वतःच्या हाताने त्यांना पाजलं आणि फोटो काढला. ते खुर्चीत पेंगत असताना मागे भांडं पाडलं आणि भ्यालेला चेहरा मिळवला. भिजलेल्यासाठी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालताना नळी हातातून निसटल्याचं दाखवलं. 'चिडलेला' त्याच वेळी मिळून गेला.

"जावईबापू, यांत्रिक वस्तू हाताळणं तुमचं क्षेत्र नाही," सासरे ठिबकत म्हणाले.

"हो बाबा. जरा इकडे बघता?"

फक्त गयावया करणारा चेहरा काही केल्या मिळेना. तो त्यांच्याकडे नव्हताच.

हळूहळू सासरे इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. दारातच केसांवरून कंगवा फिरवून खिशात ठेवत. "आज कुठे बसू?" विचारत, आणि उजेडाकडे तोंड करून बसत. एका संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात डोळे पुसताना दिसली.

"आई गेल्यापासून बाबांचा एकही फोटो कोणी काढला नव्हता," ती म्हणाली. "मला वाटायचं तुझं त्यांच्याशी जमत नाही. तू किती चांगला आहेस रे."

दगडोबाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण सकाळी त्याने फोटो पाठवले. चांगुलपणा आणि कामाची मुदत यांत त्याच्याकडून नेहमी मुदतच पाळली जाई.

फोटो पाहून तिकडचे वकील जागे झाले. हा नट कोण, त्याची संमती हवी, आणि आम्हाला त्याच्याशी समोरासमोर बोलायचंय, असा निरोप आला. मुकादमाने दगडोबाला खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"नट कोण आहे?"

"सासरे."

मुकादम खुर्चीत बसला. "त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे आपण तुझ्या सासऱ्यांना न विचारता..."

"डबक्यात ढकललं."

मुकादमाने दाराची कडी पुन्हा तपासली. "मी असतो तर नोकरी सोडली असती," तो म्हणाला. "पण तू सोडू नकोस. आधी संमती आण."

संध्याकाळी दगडोबाने बायकोला आणि सासऱ्यांना शेजारी शेजारी बसवलं आणि तो व्हिडिओ लावला. पडद्यावर सासरे पडले. मग दुसऱ्या बाजूने पडले. बायको आधी हसली, मग वडिलांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि तिचं हसू मावळलं.

"ती नळी," ती म्हणाली. "ती तू मुद्दाम सोडलीस?"

दगडोबाने व्हिडिओ थांबवला. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला वाटलं, तुम्हाला माझे फोटो हवेत," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. शाळेतली छडी परवडली, असं दगडोबाला झालं. चूक झाली, नाक बदलायचं होतं, चेहरा काढून टाकायला सांगतो, नोकरी गेली तरी चालेल, असं तो बडबडत सुटला.

"पुन्हा दाखवा," सासरे म्हणाले.

त्याने पुन्हा दाखवलं.

"हा जो 'वाचवा, वाचवा' करतो आहे, हे कोणी ठरवलं?"

"तिकडे ठरवतात, बाबा. आपल्याला फक्त चेहरा करायचा असतो."

"मग मी तिकडेच बोलेन."

बोलणं ऑफिसात झालं. पडद्यावर ती बाई आणि तिचे वकील, इकडे मुकादम, दगडोबा, आणि मधोमध इस्त्रीच्या शर्टात सासरे. बाईने आदराने विचारलं, त्यांची काही हरकत आहे का. दगडोबा दुभाषा होता.

"सांगा त्यांना," सासरे म्हणाले, "पडण्याला माझी हरकत नाही. आयुष्यात मी पडलेलो आहे. पण मी कोणाला वाचवा म्हणालो नाही."

"ते म्हणतात, काम फार छान झालंय," दगडोबाने इंग्रजीत सांगितलं.

"मी असं म्हणालो नाही," सासरे स्वच्छ इंग्रजीत म्हणाले. "याने भाषांतर केलेलं नाही, पळ काढलेला आहे. मीच सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. माणूस डबक्यात पडला तर त्याने उठावं. चिखल झटकावा. चष्मा पुसून डोळ्यांवर लावावा. आणि ज्याने ढकललं त्याच्याकडे, एक शब्दही न बोलता, बघावं. "कसं बघावं?" बाईने विचारलं. सासऱ्यांनी बघितलं. पडद्यावरचे वकील सावरून बसले. मुकादमाने नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. बाई म्हणाली, बस्स, हेच पाहिजे.

नवा प्रकार खेळून बघणाऱ्यांपुढे गेला. त्यांनी हौसेने म्हाताऱ्याला ढकललं. म्हातारा उठला, चष्मा पुसला आणि बघितलं. एकाने खेळ थांबवला आणि पाणी प्यायला गेला. दुसऱ्याने म्हाताऱ्याला हात देता येतो का, हे शोधण्यात अर्धा तास घालवला. तिकडे आनंदीआनंद झाला. त्यांनी आणखी मोठं काम दिलं आणि एक अट घातली: म्हाताऱ्याबद्दलची प्रत्येक गोष्ट आधी सासऱ्यांनी तपासायची, त्यांनी होकार दिला तरच पुढे पाठवायची.

मुकादमाने सासऱ्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं. आता दगडोबा दिवसभर ती नजर घडवतो आणि संध्याकाळी दाखवायला घेऊन जातो. सासरे चष्मा कपाळावर ढकलून पडद्याजवळ जातात. घाई नसते त्यांना.

"भुवई ठीक," ते काल म्हणाले. "डोळे मात्र जमलेले नाहीत. यात अजून माफ केल्यासारखं दिसतंय."

"म्हणजे काय करू, बाबा?"

"माझ्याकडे बघा, म्हणजे कळेल."

दगडोबाने त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ, अगदी कसोशीने त्या डोळ्यांत माफी शोधली. सासऱ्यांचं म्हणणं खरं होतं.

"काढून टाका ते," सासरे म्हणाले. "आणि उद्या परत आणा."