ड्रायव्हिंगचे सर कॅरिअरवर

"सर, सायकल हे शहरात रोज वापरायचं खरंखुरं वाहन आहे, की नुसतं खेळणं?"

प्रश्न विचारून भिंगरी खाली बसली नाही. बसायचं नाही, हीसुद्धा पैजेतलीच अट होती. तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, वकीलबाई आणि लंबू, ह्यांनी मधल्या सुट्टीत तिला बजावलं होतं, "विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत खांबासारखं उभं राहायचं. जमलं नाही तर वर्षभर आमची दप्तरं उचलायची!" नववीतल्या मुलीला पेटवायला एवढं पुरतं. शिवाय गेल्याच महिन्यात वक्तृत्वस्पर्धेत पहिली आल्यापासून भिंगरीला माइक दिसला की तिचे हात शिवशिवायला लागत.

अडचण एवढीच होती, की व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे तिचे बाबा होते.

बाबा गाडी चालवायला शिकवत. आज अठरा वर्षं शिकवत होते. शहरातली निम्मी माणसं आपण शिकवली, असं ते म्हणत. उरलेली निम्मी कशीही चालवतात, असंही म्हणत. शाळेनं वाहतूक सुरक्षा दिनाला बोलावल्यावर ते आपली शिकवणीची गाडी थेट पटांगणात, व्यासपीठाला खेटून घेऊन आले होते. मुलांनी पाहायला नको का? चालकाच्या पायाशी ब्रेक, आणि शेजारी बसणाऱ्या सरांच्या पायाशीही ब्रेक!

भिंगरीची सायकल मात्र वर्षभर जिन्याखाली धूळ खात होती. बाबांचा हुकूम होता : सायकल फाटकाच्या आत. शाळेत जायचं ते शिकवणीच्या गाडीतून. म्हणजे पुढे एखाद्या शिकाऊ काकू, त्यांच्या शेजारी बाबा, आणि मागच्या सीटवर जीव मुठीत धरून भिंगरी. काकू प्रत्येक सिग्नलला गाडी बंद पाडत, बाबा शांतपणे म्हणत, "काही हरकत नाही, पुन्हा," आणि शाळेची घंटा काही त्यांच्या 'पुन्हा'साठी थांबत नसे. आठवड्यातून तीनदा तरी उशीर. त्यामुळे प्रश्न पैजेचा असला, तरी उत्तर भिंगरीला मनापासून हवं होतं. चारशे लोकांपुढे बाबा एकदा "हो" म्हणाले, की सायकल जिन्याखालून बाहेर निघालीच म्हणून समजा.

बाबांनी माइक जवळ ओढला. "छान प्रश्न. व्यायामाला सायकल उत्तम. पण ज्याला वेळेवर पोचायचंय, अशा कामाच्या माणसाचं ते वाहन नव्हे. आणि मुलांनो, ज्याला रिव्हर्स नाही, त्याला मी तरी वाहन म्हणत नाही!"

सगळं पटांगण खदखदून हसलं. वकीलबाई हसली, लंबू हसली, मुख्याध्यापिका बाईसुद्धा रुमालाआड हसल्या. भिंगरी खाली बसली ती कान लाल करूनच.

सव्वाअकरा झाले. पुष्पगुच्छ घेऊन बाबा लगबगीनं निघाले. बारा वाजता पुलापलीकडच्या मैदानावर त्यांच्या सहा विद्यार्थ्यांची लायसन्सची परीक्षा होती. दुसरी गाडी आणि विद्यार्थी घेऊन मामा, म्हणजे आईचा भाऊ, तिथं पोचला होता. पण सगळ्यांचे कागद बाबांच्या बॅगेत, आणि सही बाबांचीच लागणार. बाराच्या ठोक्याला कागद समोर नसले, तर परीक्षा घेणारे साहेब उठत, आणि एकदा उठले की महिनाभर पुन्हा बसत नसत.

नेमका त्याच वेळी शाळेच्या फाटकात पाण्याचा टँकर आला. म्हातारा टँकरवाला खिडकीतून म्हणाला, "मी जरा मागे घेतो साहेब. तुम्ही निघा, मग मी येतो."

कुणीतरी गाडी मागे घेतंय आणि बाबा गप्प उभे आहेत, असं अठरा वर्षांत घडलेलं नव्हतं.

"थांबा! मी सांगतो तसं घ्या," ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. "येऊ द्या... येऊ द्या... आता स्टिअरिंग पूर्ण कापा... येऊ द्या, भरपूर जागा आहे..."

खर्रर्र!

टँकरचं ढुंगण विजेच्या खांबाला आणि नाक फाटकाच्या खांबाला. पुढे जाईना, मागे येईना. सगळा रस्ता अडला.

"चाळीस वर्षं ह्याच फाटकातून एकटा आणतोय मी," टँकरवाला कपाळाला हात लावून म्हणाला. "आज पहिल्यांदाच मदत मिळाली."

पाच मिनिटांत दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. बाबांची गाडी आत, टँकर दारात, आणि घड्याळ पुढे. बाबांनी टॅक्सीवाल्याला फोन लावला.

"दहा मिनिटं झाली, इथंच अडकलोय साहेब," टॅक्सीवाला म्हणाला. "शाळेच्या फाटकात कुणा शहाण्यानं टँकर घुसवलाय म्हणे."

बाबांनी फोन हळूच खिशात ठेवला. साडेअकरा वाजले होते. मैदान चार किलोमीटरवर. चालत गेलं तर साहेब घरी जाऊन जेवून झोपलेसुद्धा असते.

"बाबा," मागून आवाज आला. भिंगरीनं वकीलबाईची सायकल स्टँडवरून काढून आणली होती. "बसा."

"वेडी आहेस का? मी? ह्याच्यावर?"

"टँकर आणि खांबाच्या मधून काय जाईल, सांगा. तुमची गाडी की ही?"

बाबांनी मधली फट पाहिली. मग गाडी पाहिली. मग मुख्याध्यापिका बाईंकडे पाहिलं, की त्या तरी नाही म्हणतील. पण बाईंच्या फाटकाचा खांब कलला होता.

"तासाभराची परवानगी दिली," बाई भिंगरीला म्हणाल्या. "घेऊन जा बाई त्यांना, म्हणजे आणखी कुणाला मदत करणार नाहीत."

वरात निघाली. पुढे भिंगरी, मागे कॅरिअरवर बाबा. छातीशी बॅग, हातात पुष्पगुच्छ, पाय लोंबकळत. दोन्ही बाजूंना गाड्या जागच्या जागी गुरगुरत होत्या आणि मधल्या गल्लीतून सायकल सुळकन चालली होती.

"आरशात बघ!" बाबा ओरडले.

"आरसा नाहीये."

"मग हात दाखव! समोर बस आहे! ब्रेक!"

"बस उभी आहे, बाबा. आणि तुम्ही तो पाय मारायचा थांबवा, तोल जातो!"

बाबांचा उजवा पाय सवयीनं हवेत ब्रेक दाबत होता. सायकल दर वेळी एक हेलकावा खात होती.

तेवढ्यात शेजारच्या गाडीची काच खाली झाली. "अरे, सर! सर, तुम्ही?"

पुढच्या गाडीतून डोकं बाहेर आलं. "सर, नमस्कार! मी दुसऱ्या बॅचचा!"

निम्मं शहर शिकवण्याचा हा तोटा. अडकलेल्या प्रत्येक तिसऱ्या गाडीत बाबांचा विद्यार्थी होता, आणि रिकामटेकडा होता. "सर, हँडब्रेक काढलात ना?" "सर, पट्टा लावा की!" एका काकूंनी तर खिडकीतून हात काढून अगदी सरांच्याच सुरात सांगितलं, "काही हरकत नाही सर, पुन्हा!"

बाबांनी पुष्पगुच्छ तोंडासमोर धरला.

"काय उपयोग, बाबा?" भिंगरी धापा टाकत म्हणाली. "शर्टाच्या पाठीवर आपलं नाव आहे. खाली फोन नंबरही आहे."

पुलाचा चढ लागला तशी भिंगरीची दमछाक झाली. तिनं पाय टेकवला. "उतरा. चढावर तुम्ही चालवा, मी मागे बसते. तुमच्या पायांत जोर आहे."

बाबा उतरले. कुणीतरी परक्याचं तान्हं मूल हातात द्यावं, तसं त्यांनी हँडल धरलं. एकदा पेडलकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे.

"बाबा, अकरा पंचेचाळीस झाले!"

"मला..." बाबांनी आजूबाजूला कुणी विद्यार्थी नाही ना, ते पाहून घेतलं. "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल."

पुलावर अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. भिंगरी नीट ऐकायला बाबांच्या जवळ सरकली.

"आठ वर्षांचा होतो. शिकताना पडलो. सगळी गल्ली हसली. मग पुन्हा बसलोच नाही. मोठा झालो आणि एकदम गाडीच शिकलो." बाबा हँडलवरची घंटी उगाच पुसत होते. "तू फाटकाबाहेर गेलीस की मला तेच दिसतं. तू पडलीयेस आणि लोक हसतायत."

भिंगरीच्या घशापर्यंत हसू आलं होतं. ते तिनं आल्या पावली परत पाठवलं. आजवरच्या सगळ्या स्पर्धांपेक्षा तिला हे अवघड गेलं.

"मग ढकलता तरी येतं ना?" तिनं विचारलं.

"ढकलण्यात माझा हात कुणी धरणार नाही," बाबा म्हणाले. आणि खरंच, बॅग पाठीला, पुष्पगुच्छ दातांत, अशा अवतारात त्यांनी लेकीला सायकलसकट पूल चढवला. माथ्यावर पोचल्यावर ती म्हणाली, "बसा!" आणि उतार सुरू झाला.

"ब्रेक!"

"लावलेत, बाबा."

"दोन्ही?"

"दोन्ही. हळूहळू सोडतेय."

अर्धा उतार सरला. मग मागून आवाज आला, "शाब्बास."

हा शब्द बाबा खास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवत, आणि तोही लायसन्स हातात पडल्यावर. भिंगरीची छाती अशी फुगली, की उतारावर वारा कमी पडला.

मैदानावर पोचले तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. साहेबांनी पेनाला टोपण लावून टाकलं होतं. मामा धावत आला.

"भावोजी, पँटला हे काळं काय लागलंय? कसे आलात? गावात तर म्हणे सगळं ठप्प आहे!"

"तेच विचारतो मी," साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "मघापासून एक माणूस वेळेवर आलेला नाही. तुम्ही कशानं आलात?"

मामा हुशार. त्यानं पटकन तोंड उघडलं, "टॅक्सीनंच आले असतील, लवकर निघून..."

"नाही," बाबा म्हणाले. सहा विद्यार्थी ऐकत होते, साहेब ऐकत होते. बाबांनी शर्ट खाली ओढला आणि मान ताठ केली. "माझ्या मुलीनं आणलं. सायकलवर, डबलसीट. चार किलोमीटर, तेवीस मिनिटं, आणि एकदाही कुणाला कट मारला नाही."

साहेब उठले आणि पेनाचं टोपण काढत सायकलीभोवती एक फेरी मारून आले. सहांपैकी पाच जण पास झाले. सहावे एक निवृत्त मास्तर. ते कॅरिअरवरचा चुरगळलेला पुष्पगुच्छ बघत बघत वळणावर ठेवलेल्या पिंपावर जाऊन आदळले. पण तशी त्यांची ही चौथी वेळ होती.

संध्याकाळी बाबांनी आईला सगळी हकिकत रंगवून सांगितली. आई दवाखान्यात रक्ताचे नमुने घ्यायची. सुई बघून गडबडणारे धट्टेकट्टे पुरुष तिच्या रोजच्या बघण्यातले. ती भाजी निवडत निमूट ऐकत होती. पुलापाशी येऊन बाबांची गाडी जरा अडखळली. "तिथं मग... आम्ही थोडी विश्रांती घेतली."

भिंगरी नखं बघत बसली.

"घेतली असेल," आई म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हा फिरायला म्हणून मी दोन सायकली भाड्यानं आणल्या होत्या. ह्यांनी दोन तास सायकल हातात धरून चालत फिरवली. म्हणाले, 'असं बोलत जाता येतं.' मला वाटलं, काय रसिक माणूस आहे! दुसऱ्या दिवशी गुडघ्याएवढं पोर सायकलवरून जाताना ह्यांनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की मी ओळखलं. सतरा वर्षं पोटात ठेवलंय."

बाबांचा चेहरा टँकर अडकला तेव्हा झाला होता त्याहूनही बघण्यासारखा झाला.

भिंगरी उठून उभी राहिली. समोर माइक नव्हता, पण तिनं घसा साफ केला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. सोमवारपासून मी शाळेत सायकलनं जाणार. विचारत नाहीये, सांगतेय."

"मी गाडी घेऊन मागून येईन," बाबा घाईघाईनं म्हणाले. "नुसतं लक्ष ठेवायला."

"तुम्हाला उशीर होईल, बाबा. आणि अजून संपलं नाही माझं. रविवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या पटांगणात तुमचा पहिला तास. शिकवणारी मी. वाद घालायचा नाही, हवेत ब्रेक मारायचा नाही. आणि पडलात, तर हसायचा हक्क फक्त माझा. दुसरं कुणी हसलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे!"