मोठेबाबा आणि बर्नचं पाणी

आमचे मोठेबाबा लोकांचे नळ बंद करत फिरतात.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वसंतराव. कोणाच्या घरी गेले की बैठकीत टेकायच्या आधी ते दारातच थबकतात, मान तिरकी करतात आणि विचारतात, "कोन रडून राहिलं?" यजमान घाबरतात. तोवर मोठेबाबा न्हाणीत पोचलेले असतात. रडत असतो तो नळ. ते त्याला गच्च पिळतात, नाहीच ऐकलं तर खिशातून वायसर काढून बसवतात, आणि हात पुसत बाहेर येऊन म्हणतात, "हं, आता आना च्या."

अमरावतीला माझ्या आतेबहिणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू, नवरीमागे मामा म्हणून मोठेबाबा उभे. मध्येच पाहतो तर मामा गायब! कार्यालयाच्या पार टोकाला, हात धुण्याच्या नळाशी वाकलेले, कोटाच्या बाह्या वर. भटजी थांबले. नवरदेव अंतरपाटावरून डोकावला.

"चालू द्या, चालू द्या!" मोठेबाबा तिकडून ओरडले. "हा गप झाला का मी आलोच!"

त्यांना हसणं सोपं आहे. पण ते राहतात अकोल्याच्या जुन्या शहरात, जिथे नळ रोज येत नाही, आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. पाणी आपोआप येतं, असं त्यांच्यासमोर कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला खुळ्यात काढलं असतं.

मी नोकरीसाठी झुरिकला असतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांना बोलावून घेतलं. मोठीआईचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे इतक्या लांबच्या प्रवासाला तयार नव्हते. "तुमी जा," तिनं त्यांना सांगितलं, "अन् सगळं पाहून या. मले सांगा." तो हुकूम मोठेबाबांनी फार मनावर घेतला होता.

एका रविवारी बर्नला जायचं ठरलं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. "एका दिवसात पुरं गाव उलटंपालटं करून पाहू," मोठेबाबा म्हणाले. घड्याळाचा मनोरा, मोठं चर्च, नदीकाठची जिवंत अस्वलं, गुलाबाची बाग. कुठेही बसायचं नाही, पोळी-चटणीसुद्धा चालता चालता खायची. पहाटे मी उठलो तेव्हा ते बूट घालून सोफ्यावर तयार होते.

स्टेशनातून जुन्या गावात शिरलो आणि पहिल्याच वळणावर ते थबकले. मान तिरकी.

रस्त्याच्या मधोमध दगडी हौद. हौदात खांब, खांबावर रंगवलेला शिपाई, आणि खांबाच्या पोटातल्या नळ्यांतून धो धो पाणी.

मोठेबाबांनी हौदाला एक चक्कर मारली. मग उलटी एक.

"याची तोटी कोठी हाय?"

"तोटी नाही, मोठेबाबा. हे असंच वाहतं."

"रातीबी?"

"रात्रीही."

"काहून?"

का ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी पुढे होऊन नळीच्या तोंडावर तळहात दाबला. पाणी चारी बाजूंनी उसळलं आणि बाटली भरायला आलेल्या एक वयस्क बाई चिंब झाल्या. मी माफी मागायच्या आत मोठेबाबांनी त्यांनाच विचारलं, "बाई, हे बंद कसं करता वो तुमी?" बाई हसल्या, जर्मनमध्ये लांबलचक काहीतरी बोलल्या, बाटली भरून एक घोट घेतला आणि हौदाकडे हात केला.

"पेता येते म्हन्ते," मोठेबाबांनी मला भाषांतर करून सांगितलं.

ते ओंजळीनं प्याले. मग वाकून दगडाला कान लावला. "मोटार कोठी बसवली असन? घरघर तं नाही येत."

"मोटार नाहीच. टेकड्यांवरून उतारानं येतं."

"आपल्या मर्जीनं?"

"हो."

त्यांनी ओला हात कपाळाला लावला.

तिथे आमचा बेत कोसळला. जुन्या बर्नमध्ये गल्लोगल्ली असे हौद आहेत आणि मोठेबाबा प्रत्येकाशी थांबले. हात लावायचा, एक ओंजळ प्यायची, पुढे. घड्याळाच्या मनोऱ्याखाली तासाचे ठोके पडू लागले, वर घड्याळातली चिमुकली अस्वलं गोल फिरू लागली, सगळी गर्दी माना वर करून पाहत होती. मोठेबाबा गर्दीकडे पाठ करून जवळच्या हौदाकडे टक लावून. एका खांबावर तर चक्क लेकरं खाणारा राक्षस बसवलेला. "पाह्य नं," ते म्हणाले, "वरून लेकरं खाऊन राहिला अन् खालून पानी वाटून राहिला!"

मग पूल आला. खाली हिरवी-निळी नदी, गावाला कवेत घेऊन वळलेली. आणि त्या नदीतून माणसं वाहत चालली होती. बाया, बाप्ये, म्हातारी माणसं, कपड्यांची फुगीर पिशवी उराशी धरून, गप्पा मारत.

"अरे, हे बुडून राहिले!" मोठेबाबा कठड्यावर ओणवले.

"नाही हो. उन्हाळ्यात असंच करतात. काही जण तर घरी चालले असतील."

"पान्यातून? घरी?"

ते त्या माणसांकडे वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले. "इतलं पानी," हळूच म्हणाले, "अन् कोनी भांडून नाही राहिलं."

अस्वलं राहिली, बाग राहिली. निदान चर्चचा मनोरा तरी चढून येतो, म्हटलं. "जाय तू. मी अथीच हावो," ते म्हणाले. खाली आलो तर मोठेबाबा नाहीत. शोधत शोधत मागच्या अरुंद गल्लीत शिरलो. तिथे एक साधा हौद होता, वर पुतळाबितळा काही नाही. काठावर मोठेबाबा बसले होते आणि हात लांब करून मोबाइल धारेजवळ धरला होता.

"मोठेबाबा, गाडीची वेळ..."

त्यांनी मला हातानंच गप केलं. मी वाकून पाहिलं. व्हिडिओ कॉल चालू होता. अकोल्यात एव्हाना रात्र झालेली. मोठीआई बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब केलेले, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं.

"झोपली," मोठेबाबा कुजबुजले. "म्या म्हनलं, सुमन, तू बोलू नोको, मीबी नाही बोलत. निस्तं आयक. आयकता आयकताच डोया लागला तिचा."

"मग ठेवा ना फोन आता."

"नाही रे." ते पडद्याकडेच पाहत होते. "लग्न झाल्यापासून पान्याचा आवाज आला का थे बादली घेऊन पयते. अर्ध्या रातीले आला तरी. पोट्टं पोटात असतानी पयाली, तापात पयाली. पान्याच्या आवाजात थे झोपली, हे म्या आज पाह्यलं."

मी घड्याळाकडे पाहिलं.

"दुसरी गाडी असन नं?"

"आहे."

मी शेजारी टेकलो. पाणी पडत होतं. थोड्या वेळानं त्यांचा लांब केलेला हात खाली यायला लागला, तशी मी फोन घ्यायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवली, आणि फोनला जराही धक्का न लागू देता डावा हात उजव्या कोपराखाली लावला.