खुणोबाखालचा बिल्ला

॥ श्री ॥ वाट दाखविणारास एक दंडवत, वाट चुकविणारास दोन. कारण माणसाची गाठ दुसऱ्याशीच फार पडते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव सांगोन कोणाचे भले होणे नाही, तिसरे मजल्यावर हेमंतराव सरकार राज्य करीत होते. राज्य म्हणावे तर दोन खोल्या, एक स्वैपाकघर आणि एक गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल हीच निशाणे. पदरी राणीसाहेब मंजिरीबाई, कन्या तनयाबाई वय वर्षे अकरा, आणि तीर्थरूप आबासाहेब, हेमंतरावांचे वडील, ज्यांनी उभी हयात एसटीची कंडक्टरी केली. हेमंतराव वयाने पंचेचाळिशीचे, पोटाने पन्नाशीचे आणि खोडीने दहा वर्षांचे. एकदा सोसायटीचे लिफ्टबाहेर ‘चपला येथे काढाव्यात’ ऐसी पाटी गुपचूप लाविली, आणि दोन दिवस साऱ्या इमारतीस अनवाणी चढविले, आणि आपण गॅलरीत उभे राहोन चहा पीत हसले. ऐसा पुरुष. खोडी करणे हे त्यांस जेवणाहून गोड, आणि पुढचे सारे त्यातूनच उपजले.

जाहले ऐसे की तनयाबाईंस शाळेतून एका नव्या मोहिमेची बातमी लागली. जगभर लोक डबे लपवितात, आणि डब्याचा ठावठिकाणा फोनावर टाकितात, मग दुसरे लोक फोनातील बाणाचे मागे चालोन तो डबा हुडकितात. सापडला तर आतील चिठोऱ्यावर नाव लिहावे, डब्यातून एक वस्तू घ्यावी, आपली एक ठेवावी, आणि डबा जैसा होता तैसा लपवोन परत यावे. बाहेरच्या माणसास सुगावा लागू देऊ नये, हा सर्वांत कडक नियम. शिवाय काही वस्तू प्रवासी असतात. त्यांस नंबराची पट्टी बांधितात, आणि ज्यास ती सापडेल त्याने ती उचलोन पुढील डब्यात नेऊन ठेवावी, आणि फोनावर कळवावे. ऐसी वस्तू गाव गाव करीत समुद्रापार जाते. हे ऐकोन आबासाहेब खुर्चीतून पुढे सरले आणि बोलिले, “म्हणजे तिकीट न काढता?” तनयाबाई बोलल्या, “तिकीट कसलं आबा, वस्तूच ती!” मग आबासाहेब उठले, आणि कपाटातून आपला पितळी बिल्ला काढिला, जो कंडक्टराचे छातीवर असतो, आणि धोतराचे सोग्याने पुसला, आणि नातीचे हाती दिला. म्हणाले, “आयुष्यभर डेपोतून तालुक्याला आणि तालुक्यातून डेपोला. लोकांना कुठल्या कुठल्या गाड्या पकडून दिल्या, पण आपली गाडी संध्याकाळी परत त्याच फाटकात. मी काही आता जात नाही. याला जाऊ दे. परत नाही आला तरी चालेल, पण गेला कुठवर तेवढं कळव मला.” तनयाबाईंनी बिल्ल्यास नंबराची पट्टी तांबड्या दोऱ्याने बांधिली आणि शपथ वाहिली, “हरिद्वारपर्यंत पोचवते आबा.” हेमंतरावांनीही छातीवर हात ठेविला. तेव्हां त्यांचे मनात पाप नव्हते, हे लिहिणे भाग आहे.

मग रविवारी शहरामागील टेकडीवर स्वारी निघाली. सरंजाम: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तेलाची छोटी बाटली, पाण्याच्या बाटल्या, आणि राणीसाहेबांची पर्स, जीत सर्व पृथ्वी मावते. आबासाहेबांचे गुडघे चढास राजी नव्हते, म्हणोन ते पायथ्याचे बाकावर मुक्काम करोन राहिले. फौज वर चढली. नवशिक्यांचे जे होते तेच जाहले. हेमंतराव फोनातील बाणावर नजर लावोन सरळ चालले आणि सरळ घाणेरीचे झुडपात शिरले. बाण म्हणे, पोचलात. पण बाणाचे ‘येथेच’ म्हणजे चहूकडे दहा-पंधरा पावले, हे त्यांस ठाऊक नव्हते. राणीसाहेब बोलल्या, “अहो, फोन खाली ठेवा आणि डोळे वर करा. तुम्ही लपवला असता तर कुठे लपवला असता?” मग सरकारांनी खोडकराचे नजरेने मुलूख न्याहाळिला, आणि एक ढेरपोट्या धोंडा हेरिला, ज्याचे बुडाशी कपार होती आणि कपारीचे तोंडाशी खडे जरा जास्तच नीट लाविले होते. तनयाबाईंनी हात घातला आणि डबा निघाला. हर्ष काय सांगावा! चिठोऱ्यावर नावे लिहिली, हिरवी काचेची गोटी घेतली, आबांचा बिल्ला ठेविला, आणि डबा कपारीत सरकवला, तोच वळणावरून हास्यक्लबाची फौज हो हो हो करीत आली. अग्रभागी सबनीसकाका, क्लबाचे मुखत्यार. तनयाबाई घाबरोन बोलल्या, “बाबा, त्यांना कळलं तर ते डबा काढतील!”

आणि येथे बुद्धी फिरली. दुसरा कोणी असता तर बूट बांधावयास बसता, दशमी खावयास बसता. हेमंतरावांनी बूट काढिले, आणि राणीसाहेबांचे पर्समधून मार्गशीर्षाचे गुरुवारचे हळदीकुंकवाची पुडी उपसली, आणि तेलाचे बाटलीत बोट बुडवोन कुंकू कालविले, आणि धोंड्याचे पोटावर हे एवढे थापिले, आणि डोळे मिटोन हात जोडिले. सबनीसकाका थबकले. “काय हो, हे कुठलं दैवत? रोज येतो आम्ही, कधी दिसलं नाही.” नुसते ‘आमचा कुळदेव’ म्हटले असते तरी निभावते. पण खोडीची उकळी फुटली. हेमंतराव गंभीर मुखे बोलिले, “खुणोबा. फार जुना. हरवलेली वस्तू मिळवून देतो. पण कुणाला सांगू नका.” राणीसाहेबांनी कोपराने ढोसले आणि कुजबुजल्या, “पुरे झालं.” सबनीसकाकांनी चप्पल काढिली, नमस्कार केला आणि बोलिले, “माझं कानातलं यंत्र चार दिवस सापडत नाही हो.” आणि तेच दिवशी घरी जाऊन त्यांस ते यंत्र आपल्याच कोटाचे आतले खिशात सापडले.

मग काय पुसता! ‘कुणाला सांगू नका’ म्हटलेली गोष्ट जैसी पसरते तैसी पसरली. आधी धोंड्यास शेंदूर लागला, मग भगवे निशाण आले, मग कोणी घंटा टांगिली, कोणी पत्र्याचे छत दिले, आणि ज्याचा पासपोर्ट सापडला त्याने सिमेंटचा चौथरा बांधोन दिला. कपार चौथऱ्याचे पोटात गेली, कपारीत डबा, डब्यात बिल्ला. तनयाबाईंनी फोन पाहिला. मागाहून आलेल्या शोधकऱ्यांनी लिहिले होते, ‘डबा सापडला नाही. येथे देऊळ झाले आहे.’ मग डब्याचे धन्याने तो ठिकाणा बंद करोन टाकिला. हेमंतराव प्रथम पोट धरोन हसले. म्हणाले, “तनू, तुझा बाप देव बनवतो, देव!” तनयाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बाबा, आबांचा बिल्ला आत आहे.” तेव्हां सरकारांचे हसू दातांतच राहिले.

एके दुपारी ते छिन्नी-हातोडी पिशवीत घालोन एकटे वर गेले. मनसुबा ऐसा की चौथऱ्याचा एक कोपरा फोडावा आणि मग सांगता येईल काय ते. तो सबनीसकाका हजर. “या, या! अहो मंडळी, हेच ते! पहिली पूजा यांच्या हातची!” आणि मंडळी जमली, कोणी पायां पडले, कोणी शाल घातली, नारळ हाती दिला, आणि आरतीचे तबक पुढे केले. हेमंतराव बोलावयास गेले, “काका, अहो याच्या खाली...” काका बोलिले, “खाली काय, वर काय, सगळीकडे तोच!” आणि टाळ्या पडल्या. पिशवीतील छिन्नी पायास टोचत होती, आणि शाल खांद्यास उबदार लागत होती. मान कधी न मिळालेल्या माणसास मान मिळाला की जीभ जड होते. आरती म्हणोन ते खाली आले. छिन्नी जैसी नेली तैसी परत.

आणि घरी आबासाहेब दारातच. “काय रे, बिल्ला कुठवर गेला?” हेमंतरावांनी चपला काढता काढता सहज म्हटले, “नाशिकला पोचला, आबा.” एवढेच. पण नाशकास पोचलेली वस्तू तेथे थांबोन कैसी चालेल? मग धुळे, मग इंदूर, मग झाशी. आबासाहेब जुने कंडक्टर, नुसत्या गावावर भागेना. पुसत, “सेंधव्याच्या घाटानं गेला असेल, नाही? तिथं रात्री धुकं फार असतं म्हणे. ड्रायव्हर सांगायचे.” सरकार सांगत, “हो, धुकं होतंच.” मग आबासाहेब बागेत आपल्या मंडळींस सांगत, “आमचा बिल्ला झाशीला आहे सध्या.” आणि रोज दाढी करू लागले, आणि जेवण दोन घास वाढले, आणि नातीस एसटीची विद्या शिकवू लागले. “एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. कंडक्टरची सगळी सत्ता एवढीच, पण तेवढ्यावर अख्खी गाडी चालते बघ.” तनयाबाई ऐकत आणि बापाकडे पाहत. एकदा गॅलरीत गाठोन बोलल्या, “सांगणार कधी?” हेमंतराव बोलिले, “अगं, हरिद्वारला पोचू दे, मग सांगतो. आत्ता बघ ना किती खुशीत आहेत.” तनयाबाई बोलल्या, “तो टेकडीवरून हललेला नाही, बाबा. आणि शपथ मी घेतली होती, तुम्ही नुसता छातीवर हात ठेवला होता.” राणीसाहेब आतून कणीक मळता मळता एवढेच बोलल्या, “लोकांच्या चपला काढवल्यात तेव्हा मीही हसले होते. चुकलंच माझं.”

शेवटी बिल्ला हरिद्वारास पोचला, म्हणजे हेमंतरावांनी पोचविला. आबासाहेबांचे डोळे भरले. म्हणाले, “आता एक काम करा. टेकडीवर तो खुणोबा झालाय ना, त्याच्या पाया पडायचंय. बागेत सगळे म्हणतात जागृत आहे.” हेमंतराव घाईने आडवे आले. म्हणाले, “गुडघे, आबा...” आबासाहेब बोलिले, “पायऱ्या केल्यात म्हणे भक्तांनी. बसत बसत जाईन.” आणि खरोखरच गेले. जी टेकडी डब्यासाठी चढवली नाही ती देवासाठी चढले, मागे राणीसाहेब पाण्याची बाटली धरोन, बाजूस तनयाबाई हात धरोन, आणि सर्वांचे मागे सरकार, जैसा पराभूत सरदार छावणीस परततो तैसे.

आबासाहेब चौथऱ्यापुढे उभे राहिले. टोपी काढिली. मोठ्याने बोलिले, कारण कान त्यांचेही मंद. “खुणोबा, तू हरवलेलं आणून देतोस म्हणे. माझं काही हरवलेलं नाही बाबा. माझा बिल्ला फिरतोय, हरिद्वारला आहे. त्याला चुकून इकडे आणून देऊ नकोस, एवढंच मागायला आलो. जाऊ दे त्याला.” आणि हात वर करोन घंटेची दोरी ओढिली, सवयीने, मनगट झटकोन, टण टण. दोन घंट्या. चला पुढे. आणि बिल्ला त्यांचे पायांपासोन वीतभर खाली, सिमेंटात, अंधारात. तेव्हां तनयाबाई पुढे जाहल्या, बापाचे डोळ्यांत पाहिले, आणि दोरी एकदाच ओढिली. टण. आबासाहेब हसोन बोलिले, “अगं, एक म्हणजे थांबा.” त्या बोलल्या, “माहितीय, आबा.”

आणि हेमंतरावांस तो टोल कानात नव्हे, दाढेत लागला. मनात म्हणाले, आता बोललो नाही तर पुन्हा बोलणे नाही. मग चौथऱ्यावर हात ठेवोन, जन्मात प्रथम हसू न येता बोलिले, “आबा, बिल्ला कुठेही गेलेला नाही. याच्या खाली आहे. हा देव मीच केला, कुंकू लावून. नाशिक, झाशी, हरिद्वार, सगळं मी रचलं.” आबासाहेबांनी लेकाचे मुखाकडे पाहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि ते ऐसे हसले की सबनीसकाकांचा क्लब लाजावा. “हेम्या, हेम्या! देवाच्या दारात तरी! लहानपणी साप म्हणून पट्टा टाकायचास अंथरुणात, तसाच राहिलास बघ! खाली आहे म्हणे!” हेमंतराव बोलिले, “खरं सांगतोय, आबा. शपथ.” आबासाहेब डोळे पुसोन बोलिले, “तुझी शपथ!” आणि नातीकडे वळले. “तनू, तू सांग. तुझ्या फोनात दिसतं ना? कुठं आहे बिल्ला?”

तनयाबाईंनी फोन काढिला. वाऱ्याने निशाण फडफडत होते. आबासाहेबांनी त्या दिवशी नवा सदरा घातला होता, आणि त्यांचे मुखावर अजून हसू होते. तनयाबाईंनी रिकाम्या फोनाकडे पाहिले आणि बोलल्या, “हरिद्वारलाच आहे, आबा. बाबा थट्टा करतायत.” स्वर इतका साफ की त्यात एक खडा लागला नाही. हेमंतरावांनी तो स्वर ओळखिला. तो त्यांचाच होता.

सारांश: डबा आहे तेथे आहे, देव आहे तेथे आहे, बिल्ला अद्याप फिरतो आहे आणि फोनावर दर आठवड्यास त्याची खबर तनयाबाई वाचोन दाखवितात, अलीकडे तो काठमांडूस आहे. हेमंतराव खोड्या करीत नाहीत, कोणी मागितल्या तरी करीत नाहीत. नियम ऐसा होता की डब्यात एक वस्तू ठेवावी आणि एक घरी न्यावी. ठेविला तो बिल्ला. आणि घरी आणिली ती हिरवी गोटी नव्हे, हे त्यांस, मुलगी आजोबांपाशी बसोन त्याच साफ स्वरात खबर वाचते तेव्हां, कळते. इतके जाहले तितके लिहिले.